साठीनंतर बंदिश रचताना: बेळगाव सीमाभागातील निवृत्तांसाठी

टपाल खात्यातली 36 वर्षांची नोकरी संपवून मी बेळगावच्या शहापुरातल्या घरी बसलो, तेव्हा पहिल्या आठवड्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "आता वेळ कसा जाणार?" गाणे लहानपणापासून कानावर होते आणि पेटी थोडीफार वाजत होती. गवई होण्याचे वय निघून गेले होते, हेही स्वच्छ दिसत होते. पण गाणाऱ्यांना लागणारी नवी बंदिश, म्हणजे राग-तालात बांधलेली रचना, भजनी मंडळाला हवी असलेली अभंगाची वेगळी चाल, नृत्यवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमातली गणेशवंदना हे सारे कोणीतरी करून द्यावेच लागते, मग ते आपण का करू नये, असा विचार बरीच वर्षे मनात घोळत होता. त्यानंतरच्या सात वर्षांत जे शिकलो आणि जिथे चुकलो, त्याच्या आधारे हे लिहीत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी या पट्ट्यातली, घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणारी, थोडेफार गाणे झालेली आणि नुकतीच निवृत्त झालेली मंडळी डोळ्यांसमोर आहेत. गाण्याची अक्षरओळखही नसलेल्याने आधी तीन-चार वर्षे नुसते शिकावे. रचनेची घाई करू नये.

कामाचे स्वरूप आधी समजून घ्यावे

आपल्याकडे शब्द आणि चाल दोन्ही करणाऱ्याला वाग्गेयकार म्हणतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शारंगदेवाने लिहिलेल्या संगीतरत्नाकरात शब्दांना 'मातु' आणि स्वररचनेला 'धातु' म्हटले आहे, आणि जो दोन्ही करतो तो वाग्गेयकार असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात दुसऱ्याच्या धातूवर आपले मातु बसवणाऱ्यालाही 'कुट्टिकार' असे वेगळे नाव दिलेले आहे. हा शब्द ऐकायला जरा हिणकस वाटतो खरा, पण माझे मत असे आहे की साठीनंतर या वाटेला लागणाऱ्याने पहिले वर्ष खुशाल कुट्टिकार व्हावे. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी 1843 साली जन्मलेले अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी महसूल खात्यातली नोकरी सांभाळून 1880 साली पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले, त्या काळच्या नाट्यपदांच्या माथ्यावर 'चाल' म्हणून एखाद्या आधीच्या, कित्येकदा कानडी, गाण्याचा उल्लेख छापलेला असे. ऐकलेल्या चालीच्या साच्यात नवे शब्द ओतताना कोणते अक्षर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तोलते, कुठे श्वास मिळतो आणि कुठे शब्द चेंगरतो हे हाताला कळते. ही समज केवळ पुस्तके वाचून येत नाही.

दुसरी गोष्ट मनाशी पक्की असावी. रचनाकाराचा आवाज उत्तम असण्याची गरज नाही. त्याची बंदिश दुसऱ्याच्या गळ्यात बसली पाहिजे. मैफल गाजवणाऱ्याला स्वतःच्या गळ्याच्या लकबींवर एखादी कच्ची बंदिशही तारून नेता येते. आपल्याला ती सोय नाही, आणि रचनाकार म्हणून हा आपला फायदाच आहे, कारण कागदावरची रचना उघडी पडते आणि तिचा दोष लपून राहत नाही.

साठा करावा, मगच खर्च करावा

ज्याच्या गळ्यात जुन्या बंदिशी नाहीत त्याला नवी सुचत नाही. सुचली तरी ती रागाच्या आरोह-अवरोहाची सरळ उजळणी होते. माझा हिशेब असा आहे की बारा राग निवडावेत आणि प्रत्येकात निदान पाच बंदिशी पाठ कराव्यात, त्यातली एक विलंबित, दोन मध्य लयीतल्या, एक द्रुत आणि एक तीनतालाबाहेरची, म्हणजे झपताल, रूपक किंवा आडा चौतालातली असावी. यमन, भूप, दुर्गा, बागेश्री, भीमपलास, वृंदावनी सारंग, भैरव, तोडी, मालकंस, देस, काफी आणि भैरवी एवढे पहिल्या दोन वर्षांना भरपूर आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीसह मिळतात. भातखंडे व्यवसायाने वकील होते आणि 'चतुर' या मुद्रेने, म्हणजे रचनेत गुंफलेल्या टोपणनावाने, त्यांनी लक्षणगीते रचली, ही गोष्ट दुसऱ्या व्यवसायातून इकडे वळणाऱ्याला धीर देणारी आहे. लक्षणगीत हा प्रकार आज कोणी मैफलीत फारसा गात नाही, पण रागाचे नियम त्याच रागात गाऊन सांगण्याची ती युक्ती नवशिक्या रचनाकाराला सरावासाठी फार उपयोगी पडते.

गुरू करावाच. बेळगावात आणि धारवाडात आज शिकवणारे बरेच जण आपल्या मुलांच्या वयाचे असतात, आणि इथे निवृत्त माणसाचा स्वभाव आडवा येतो. माझ्या गुरू माझ्या धाकट्या मुलीहून चार वर्षांनी लहान आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना नकळत "अगं" म्हणून गेलो, त्या काही बोलल्या नाहीत, पण तानपुरा बाजूला ठेवून त्यांनी मला पाणी प्यायला सांगितले आणि मी काय ते समजलो. त्या दिवसापासून त्या 'मॅडम' आणि मी 'काका' ही व्यवस्था दोघांनाही सोयीची झाली आहे. परीक्षांच्या बाबतीत सांगायचे तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा किंवा कर्नाटकातील ज्युनिअर, सीनियर आणि विद्वत या परीक्षा देण्याने अभ्यासाला शिस्त लागते आणि पुढे शाळा-संस्थांशी बोलताना प्रमाणपत्र कामी येते. बंदिश चांगली होण्याशी मात्र त्याचा संबंध नाही.

साठीनंतर गळ्याची झेप आखडते आणि वरच्या पट्टीतले बारीक आवाज कानाला कमी ऐकू येऊ लागतात. म्हणून एकदा कानांची तपासणी करून घ्यावी. मला स्वतःला तानपुऱ्याच्या जव्हारीतला (तारांखालच्या घोडीच्या घासणीतला) वरचा झंकार पूर्वीइतका ऐकू येत नाही, हे तपासणीनंतरच कळले, तोवर मी जव्हारीलाच दोष देत होतो. साधनांवर सुरुवातीला खर्च करू नये. भ्रमणध्वनीवरचा तानपुरा आणि तबल्याचा ठेका पहिली दोन वर्षे पुरतो. पुढे तानपुरा घ्यावासा वाटला तर मिरज आपल्याला रेल्वेने जवळ आहे, आणि तिथल्या सतार-तानपुऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिथे जाऊन, कारागिराच्या समोर बसून, आपल्या पट्टीला जुळवून ऐकूनच घ्यावा.

सोळा मात्रांवर बसून काम

बंदिश प्रत्यक्ष कशी उभी राहते हे मी माझ्याच पहिल्या रचनेवरून दाखवतो, कारण तिच्यात नवशिक्याच्या बहुतेक चुका झाल्या होत्या. शब्द मी लिहिले होते, "सांज उतरली गावावरी, दिवा तेवतो दारी." राग भूप ठरवला, कारण सूर पाचच आणि वेळ संध्याकाळची. मध्य लयीचा तीनताल घेतला आणि मुखडा, म्हणजे समेला नेणारा सुरुवातीचा तुकडा, नवव्या मात्रेपासून, म्हणजे तालातल्या 'खाली' या जागेपासून, उचलला. पहिली चाल अशी झाली:

प – ध प | ग प ध सां | ध – – प | ग प ध प

मोठ्या उत्साहाने ती एका तबलजींना ऐकवली. हे गृहस्थ वयाने माझ्यापेक्षा मोठे, अनगोळात राहणारे, आणि बोलायला अत्यंत कमी. त्यांनी दोन आवर्तने वाजवली आणि हात थांबवून म्हणाले, "शब्द संध्याकाळचे आणि राग सकाळचा, असं का केलंय?" भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, सा रे ग प ध, पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग) आणि देसकाराचा वादी धैवत (ध), आणि देसकार हा सकाळी गायचा राग. माझी सम धैवतावर पडत होती, मुखडा उत्तरांगातच, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यातच, फिरत होता आणि शेवटही धैवत-पंचमावर होत होता, त्यामुळे मी भूप म्हणून चक्क देसकार बांधला होता. रागाचे स्वर बरोबर असणे आणि राग बरोबर असणे यांतला फरक मला पुस्तकातून तीस वर्षे माहीत होता. समजला तो त्या दिवशी.

मग चाल पुन्हा बांधली. मात्रांच्या खाली अक्षरे मांडली तर ती अशी दिसते:

9 ते 12: ग – रे सा (सां ऽ ज उ)
13 ते 16: ध़ सा रे – (त र ली ऽ)
1 ते 4: ग – प ग (गा ऽ वा ऽ)
5 ते 8: रे सा – – (व री ऽ ऽ)

आता सम गंधारावर आली. मुखडा मंद्र धैवताला स्पर्श करून वर येतो, ही भूपाची ओळख पटवणारी चाल आहे, आणि 'उतरली' या शब्दावर स्वरही उतरतो. शब्दाचा अर्थ असा स्वराने दाखवण्याचा मोह आवरता ठेवावा, प्रत्येक ओळीत केला तर ते पोरकट होते; पण मुखड्यात एकदा साधले तर बंदिश लक्षात राहते. समेवर 'गा' हे दीर्घ, मोकळे अक्षर आले आहे, तेही महत्त्वाचे आहे. समेवर ऱ्हस्व किंवा जोडाक्षर आले, किंवा शब्दाचा शेपटीचा तुकडा आला, तर गाणारा दर आवर्तनाला तिथे अडखळतो. पहिल्याच मसुद्यात "गावावरी सांज उतरली" असा क्रम होता तेव्हा सम नेमकी 'सांज' वर यायची आणि अनुस्वारामुळे आवाज नाकात जायचा.

अंतऱ्यातही हाच धडा मिळाला. ओळ होती, "गुरे परतती, घंटा वाजे." अंतरा मध्य गंधारावरून पंचम, धैवत करत तार षड्जाला जातो आणि तिथेच सम ठेवली होती, म्हणजे 'घं' हे अक्षर तार षड्जावर. मी मनातल्या मनात गायलो तेव्हा काही खटकले नाही. मॅडमच्या वर्गातली सतरा वर्षांची मुलगी गायला बसली, तेव्हा तिचा एरवी मोकळा लागणारा षड्ज कोंडल्यासारखा लागला. शब्दांची अदलाबदल करून "गुरे परतती, वाजे घंटा" केले, 'वा' समेवर आला आणि तोच षड्ज खणखणीत लागला. तार सप्तकात टिकायच्या जागी शक्यतो आकार किंवा ओकार द्यावा, तिथे इकार आणि उकार आवाज चिमटतात, आणि अनुस्वार तर टाळावाच.

मुद्रा घालावी की नाही, हा प्रश्न नवशिक्यांना फार सतावतो. नियामत खाँ यांची 'सदारंग', फैयाज खाँ यांची 'प्रेमपिया', आपल्या शेजारच्या कोल्हापुरात दीर्घ काळ राहिलेल्या पं. जगन्नाथबुवा पुरोहितांची 'गुणिदास' अशा मुद्रा ऐकल्या की आपलेही एक नाव असावे असे वाटते. पहिल्या पंचवीस रचनांत मुद्रा घालू नये, कारण त्यातल्या वीस तरी पुढे आपणच टाकून देतो. मी पहिल्याच महिन्यात मुद्रा ठरवली होती. ती इथे सांगत नाही.

भाषेच्या बाबतीत माझे मत थोडे आग्रही आहे. ख्यालाची भाषा ब्रज असावी असा संकेत आहे, म्हणून बरेच जण "पिया", "सखी", "बिरहा" असे दहा-बारा ऐकीव शब्द घेऊन ते फिरवत बसतात. ज्या भाषेत आपण भाजी घेत नाही, भांडत नाही आणि स्वप्ने पाहत नाही, तिच्यात शब्दांची निवड हाताबाहेर जाते. आधी मराठीत रचावे. मराठीतला 'च', 'ळ', 'ण' आणि जोडाक्षरे गायला जड जातात हे खरे, पण तेवढ्यासाठी भाषा सोडण्याचे कारण नाही; समेला आणि लांबवायच्या जागी ती अक्षरे येऊ देऊ नयेत, इतकेच.

स्वरलिपी शुद्ध लिहावी

आपण नसताना रचना टिकायची असेल तर स्वरलिपीला पर्याय नाही. भातखंडे पद्धत सोपी आहे आणि आपल्या भागातल्या शिक्षकांना वाचता येते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू आणि तार सप्तकाला वर बिंदू, स्वर लांबला तर आडवी रेघ आणि अक्षर लांबले तर अवग्रह, एका मात्रेत अनेक स्वर असतील तर खाली कंस. सम गुणाकाराच्या चिन्हाने आणि तालातली 'खाली' शून्याने दाखवतात. पलुस्कर पद्धतीत चिन्हे वेगळी आहेत, त्यामुळे दोन्ही एकत्र करू नयेत. प्रत्येक रचनेच्या माथ्यावर राग, ताल, लय, रचनेची तारीख, कोणासाठी केली आणि कोणत्या पट्टीत गायची एवढे लिहावे. पट्टीचा उल्लेख बहुतेक जण विसरतात. चौरेघी वही वापरावी, पेन्सिलीने लिहावे आणि पक्की झाल्यावरच शाई घ्यावी.

स्वरलिपीत कण (ओझरता लागणारा स्वर) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) पूर्ण उतरत नाहीत, म्हणून त्याच दिवशी भ्रमणध्वनीवर साध्या आवाजात ध्वनिमुद्रण करून ठेवावे. आवाज फाटला, खोकला आला, तरी चालते.

दोन भाषांचा मुलूख

सीमाभागात राहण्याचा रचनाकाराला एक मोठा लाभ आहे आणि तो पुण्या-मुंबईच्या माणसाला मिळत नाही. सकाळी काकड आरतीला अभंग आणि संध्याकाळी शेजारच्या मठात वचन ऐकायला मिळते, आणि या दोन्हींची घडण अगदी वेगळी आहे. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात, छोट्या अभंगाचे आठ-आठ. हा साचा आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात सहज बसतो, म्हणूनच बहुतेक नव्या चाली एकमेकींसारख्या वाटतात. चाल वेगळी करायची असेल तर रागापेक्षा आधी उठावाची मात्रा बदलून पाहावी. समेपासून उठणारा अभंग तिसऱ्या मात्रेपासून उठवला, की तेच शब्द आणि तोच राग निराळा वाटतो.

वचनाला असा साचा नाही. बसवण्णांचे किंवा अक्कमहादेवींचे वचन हे लयदार गद्य आहे. ओळींची लांबी सारखी नसते आणि शेवटी 'कूडलसंगमदेव' किंवा 'चन्नमल्लिकार्जुन' ही अंकितमुद्रा येते. इथे आधी ताल धरून शब्द कोंबू नयेत. वाक्य चार वेळा मोठ्याने म्हणावे, अर्थ कुठे थांबतो ते पाहावे, त्या जागी सम ठेवावी आणि उरलेले शब्द तिच्या मागेपुढे पसरू द्यावेत. पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेली वचने या दृष्टीने पुन्हा पुन्हा ऐकावीत.

कानडी शब्दांना चाल लावणाऱ्या मराठी माणसाने एक खबरदारी घ्यावी. कानडीत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि त्यावर अर्थ ठरतो. ऱ्हस्व ओकाराचे 'कोडु' म्हणजे 'दे', आणि दीर्घ ओकाराचे 'कोडु' म्हणजे 'शिंग'. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, आणि गाताना 'को' वर दोन मात्रा थांबले की देवाकडे मागणे मागणारा भक्त शिंगाविषयी बोलू लागतो. एका कार्यक्रमात माझ्याकडून हे झाले आणि पुढच्या रांगेतल्या आजी पदराआड हसल्या. तेव्हापासून कानडी रचना कोणत्याही कानडी शिक्षकाला वाचून दाखवल्याशिवाय मी बाहेर देत नाही, आणि वहीत ऱ्हस्व ओकारावर एक लहान टिंब देतो.

आणखी एक साधन घरातच असते. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी पुढे देवासला आजारपणाच्या काळात माळव्यातली लोकगीते ऐकली आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले, हे सर्वांना माहीत आहे. आपल्याला नवे राग करायचे नाहीत, ती आपली पायरी नाही. पण जात्यावरच्या ओव्या, लग्नातली हळदीची गाणी, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्यांच्या चौंडक्यावरची गाणी म्हणणाऱ्या बाया अजून आपल्या नात्यात आणि शेजारात आहेत. त्यांच्याकडे दुपारी जाऊन बसावे, चहा घ्यावा, गाणी ध्वनिमुद्रित करावीत, आणि घरी येऊन त्यात कोणते स्वर लागतात ते लिहून काढावे. तीन-चार स्वरांत एवढा जीव कसा मावतो हे त्यातून कळते. माझ्या मावशीच्या एका ओवीतला कोमल निषादावरून षड्जाला न जाता परत पंचमावर येण्याचा वळसा मी काफीच्या एका बंदिशीत जसाच्या तसा घेतला आहे, आणि वहीत तिथे मावशीचे नाव लिहिले आहे.

दुसऱ्याच्या गळ्यात

रचना तीन जणांकडून गाऊन घेतल्याशिवाय पुरी झाली असे समजू नये. पहिला शिकणारा विद्यार्थी असावा, दुसरा तयार गायक आणि तिसरा पेटीवाला. विद्यार्थी जिथे सारखा चुकतो ती जागा बहुधा रचनेतच चुकलेली असते. तयार गायकाला बंदिशीत आलाप-तानांना दार मिळते का, मुखडा पकडून समेला येणे सुखाचे आहे का, हे विचारावे. पेटीवाल्याचे मत मी सर्वांत मोलाचे मानतो, कारण तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंदिशी मागून वाजवत आलेला असतो आणि कोणती चाल कुठे उधार घेतली आहे ते त्याला ताबडतोब कळते. कागवाडात जन्मलेले पं. रामभाऊ विजापुरे (1917–2010) यांच्यामुळे बेळगावात पेटी गंभीरपणे शिकणाऱ्यांची परंपरा तयार झाली आहे, तिचा लाभ घ्यावा.

माझी सर्वांत मोठी फजिती या नियमाला फाटा दिल्याने झाली. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या भजनी मंडळासाठी मी अभंगाची चाल केली होती. ती मी घरी काळी एकमध्ये बांधली, पेटीवर वाजवली आणि थेट गावात जाऊन शिकवली. अंतरा तार पंचमाला जात होता. मंडळ पांढरी चारमध्ये, म्हणजे त्याहून वरच्या पट्टीत, गायचे. मुख्य गाणाऱ्याने कसाबसा तो स्वर गाठला, पण मागचे चौदा टाळकरी अंतऱ्याला गप्प झाले आणि नुसते टाळ वाजत राहिले. मंडळाचे प्रमुख अतिशय अदबीने म्हणाले, "मास्तर, चाल झकास आहे, पण आम्हाला बी त्यात जरा जागा ठेवा की." सामुदायिक गायनासाठी तेव्हापासून मी मंद्र धैवत ते तार ऋषभ एवढ्याच टप्प्यात रचतो, धृवपदात एकही तान ठेवत नाही, आणि आधी एक दिवस नुसता त्यांचे भजन ऐकायला जातो.

काम, मानधन आणि हक्क

पहिली दोन वर्षे मानधनाची अपेक्षा ठेवू नये. निवृत्तिवेतन असल्यामुळे आपल्याला ते परवडते, आणि फुकट काम करण्याची मुदत मात्र स्वतःशी ठरवून ठेवावी. त्यानंतर शाळांची स्वागतगीते, नृत्यवर्गांच्या रचना, श्रावणातल्या भजन स्पर्धा, हौशी नाट्यसंस्थांची पदे, गणेशोत्सवातले कार्यक्रम अशी कामे हळूहळू येतात. एका सांस्कृतिक कार्यक्रमासाठी मी सहा गीते बांधून दिली आणि पत्रिकेत माझे नावच नव्हते. विचारायला गेलो तर "राहून गेलं" एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर काम घेताना मी एका कागदावर रचनेचे नाव, मानधन, श्रेयनाम कसे छापायचे आणि ध्वनिमुद्रण करणार असल्यास पुन्हा विचारायचे, एवढ्या चार गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घेतो. नातेवाइकाच्या संस्थेचे काम असले तर हा कागद विशेष आवश्यक समजावा.

राग कोणाच्याही मालकीचा नसतो, पण त्यात बांधलेली विशिष्ट रचना रचनाकाराची असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क रचना झाल्याक्षणी मिळतो आणि रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. कायद्याच्या दृष्टीने शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, अशा दोन वेगळ्या कृती असतात. म्हणून दुसऱ्या कवीचे शब्द घेतले तर त्याची परवानगी लागते. संतांच्या अभंगांना आणि वचनांना हा प्रश्न येत नाही; अलीकडच्या कवींच्या बाबतीत निधनाला 60 वर्षे पुरी झाली आहेत का ते पाहावे. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते. ती ऑनलाइन करता येते, संगीतकृतीसाठी 500 रुपये शुल्क आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते. अर्जासोबत स्वरलिपी द्यायची असते, तेव्हा चौरेघी वहीची मेहनत फळाला येते. सगळ्या रचनांची नोंदणी करत बसू नये; ज्या बाहेर गायल्या जातात त्यांचीच करावी.

दिलेली रचना वर्षभराने पुन्हा ऐकायला जावे. मंडळाने तिच्यात बदल केलेला असतोच, एखादी सुरांची हरकत गाळलेली असते, एखादा स्वर कानडी वळणाने लावलेला असतो, कधी ठेकाच दुपटीने घेतलेला असतो. अशा वेळी तिथल्या तिथे दुरुस्त करायला जाऊ नये. खानापूरकडच्या त्या मंडळाने माझी दुसरी चाल अंतऱ्यात पंचमावरच थांबवली आहे, कारण तिथे पखवाजवाल्या मामांना तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेला यायचा तुकडा, घ्यायची असते. घरी येऊन मी वहीत मूळ स्वरलिपीखाली त्यांची ओळ लिहिली, पुढे गावाचे नाव आणि तारीख घातली, आणि आता दुसऱ्या कोणाला तो अभंग शिकवायचा झाला की मी तीच ओळ देतो.